पोशाखाचे पहारेकरी

उपासनेत शिस्त असावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र शिस्तीच्या नावाखाली आपण मंदिराच्या दारात नेमके कोणाला अडवणार आहोत, याचा विचार आधी व्हावयास हवा. छत्रपती संभाजीनगर आणि परिसरात धर्मसेवा करीत असताना गेल्या दोन-तीन वर्षांत एक मागणी माझ्या कानावर वारंवार आली आहे. चर्चच्या प्रवेशद्वारी एक ठळक फलक लावावा आणि त्यावर पोशाखाचे नियम लिहावेत, अशी ती मागणी. नियमांची यादीही मागणी करणाऱ्यांजवळ तयार असते. तरुणांनी टोपी घालून आत येऊ नये. बर्म्युडा, फाटकी जीन्स आणि अक्षरे छापलेले टी-शर्ट चालणार नाहीत. मुलींनी बिनबाह्यांचे झगे व लेगिंग्ज घालू नयेत. स्त्रियांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी. आणि नियम मोडणाऱ्यास स्वयंसेवकांनी दारातच थांबवावे.

या फलकाला माझा विरोध आहे. ही मागणी करणारे कोणी परके नव्हेत. ते आपल्या धर्मग्रामांतील श्रद्धावान, नियमित उपासनेला येणारे, आजाऱ्यांची विचारपूस करणारे वडीलधारे आहेत. म्हणूनच त्यांना कुजबुजीने उत्तर न देता या पानांवर उघडपणे उत्तर देणे मला योग्य वाटते.

हे वारे केवळ आपल्याच अंगणात वाहत आहे असे नाही. राज्य शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या आणि कार्यालयात जीन्स व टी-शर्ट वापरण्यास मनाई केली. मार्च २०२४ मध्ये शाळांतील शिक्षकांसाठीही तशाच सूचना निघाल्या. डिसेंबर २०२० मध्येच शिर्डीच्या मंदिरात सभ्य वेशाचे आवाहन करणारे फलक लागले आणि त्यावरून मोठा वाद झाला. आपल्या मराठवाड्यात तुळजापूरला मे २०२३ मध्ये असेच फलक लागले आणि टीका होताच अल्पावधीत मागे घेण्यात आले. शेजारच्या घरी कुंपण पडले की आपल्यालाही कुंपणाची आठवण होते, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु ख्रिस्तसभेने आपले दार कसे ठेवावे, हे शेजाऱ्याकडे पाहून ठरवायचे नसते.

प्रथम टोपीचाच विचार करू. टोपीचा अर्थ टोपीत नसतो, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. आणि तो दर पिढीला बदलतो. लाल रंगाची, गोंड्याची रुमी टोपी घ्या. तुर्कस्तानात १८२९ साली सुलतान दुसरा महमूद याने पागोट्याऐवजी ही टोपी सरकारी सेवकांना सक्तीची केली, कारण त्याच्या मते ती नव्या युगाची खूण होती. शंभर वर्षे उलटण्याच्या आतच, १९२५ साली, मुस्तफा केमालने तीच टोपी मागासलेपणाची खूण ठरवून कायद्याने बंद केली. इकडे आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. अखेरचा निजाम उस्मान अली खान याची साधी रुमी टोपी सर्वांच्या परिचयाची होती आणि प्रतिष्ठित घरांत ती मानाची समजली जाई. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य गेले आणि पाहता पाहता ती टोपीही रस्त्यांवरून गेली.

गांधी टोपीची कथाही अशीच. असहकाराच्या काळात ती सरकारच्या रोषाचे कारण होती. स्वातंत्र्यानंतर ती पुढाऱ्यांच्या डोक्यावर बसली आणि लोकांच्या थट्टेचा विषय झाली. ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे आणि ‘टोपी फिरवणे’ म्हणजे पक्ष बदलणे, हे वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहेत. शहरातील तरुणाने ती केव्हाच सोडली होती. पण २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनात त्याच तरुणाने ‘मी अण्णा’ असे छापलेली टोपी हौसेने घातली. आता तर प्रत्येक पक्षाच्या रंगाची टोपी निघाली आहे. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती वडीलधाऱ्यांची लाल टोपी एके काळी रोजच्या वापरात होती. आज ती सांस्कृतिक सोहळ्यांत अभिमानाने मिरवली जाते. आपल्या शहराजवळच खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. स्वतः टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांतून आपल्या कफनाचा खर्च व्हावा, अशी इच्छा त्याने लिहून ठेवली होती, असे सांगतात. टोप्या शिवणारे हात नम्र झाले म्हणून त्याची राजवट नम्र झाली नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. डोक्यावरच्या वस्तूवरून अंतःकरणाची परीक्षा करणारा माणूस हमखास फसतो.

“ते सारे राजकारण झाले, देवाच्या घरी टोपी काढणे हा आदराचा भाग आहे, आमचे आजोबा पागोटे काढूनच चर्चमध्ये शिरत,” असे यावर सांगितले जाईल. हे खरे आहे, आणि त्या आजोबांविषयी मला नितांत आदर आहे. पण ते पागोटे का काढत, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. आपल्या मराठी रीतीत वडीलधाऱ्यांसमोर, दरबारात, शुभकार्यात डोके झाकलेले असे. पायातले वहाण काढणे हा आदर. डोके उघडे ठेवणे ही सुतकाची किंवा अपमानाची खूण. बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणे अशुभ समजले जाई. याउलट युरोपात पुरुषाने आदर दाखवावयाचा तो डोक्यावरची हॅट काढून. पायात बूट असले तरी हरकत नाही. आपल्या पूर्वजांनी युरोपियनांना नावच मुळी ‘टोपीकर’ असे दिले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही तोच शब्द आहे. म्हणजे पगडीवाल्यांच्या देशात टोपीकरांची रीत आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सव्हॉय प्रांतातील ॲनेसी येथील संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे मिशनरी या भागात आले. त्यांनी येथील गरिबांसाठी हाडाची काडे केली. त्यांच्याबरोबर त्यांच्या देशातील आदराची रीतही आली आणि आपल्या आजोबांनी ती प्रेमाने स्वीकारली. ती स्वीकारल्याबद्दल त्यांना दोष नाही. पण ती रीत सिनाय पर्वतावरून उतरली, असे आता त्यांच्या नातवांना सांगणे बरोबर नाही. सिनायवर मोशेला देवाने पायातील जोडे काढावयास सांगितले; डोक्याविषयी काहीच सांगितले नाही.

ख्रिस्तसभेला हा फरक चारशे वर्षांपूर्वीच कळला होता. चीनमध्ये थोरामोठ्यांसमोर उघड्या डोक्याने उभे राहणे हा उद्धटपणा समजला जाई. तेव्हा १६१५ साली पोप पाचवे पॉल यांनी चीनमधील धर्मगुरूंना डोके झाकून मिस्साबली अर्पण करण्याची परवानगी दिली. त्याच सुमारास आपल्या देशात, मदुराईत, फादर रॉबर्ट डी नोबिली यांनी भगवी वस्त्रे धारण केली होती. त्यावरून त्यांच्याच सहकाऱ्यांनी काहूर माजवले. अखेर १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी निवाडा दिला की जानवे, शेंडी, गंध यांसारख्या चालीरीती अंधश्रद्धेपासून मुक्त असतील तर नवख्रिस्ती लोकांना त्या पाळता येतील. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर, २५ एप्रिल १९६९ रोजी, रोमने भारतीय उपासनेसाठी ज्या बारा गोष्टींना मान्यता दिली, त्यांत जमिनीवर बसणे आणि पादत्राणे बाहेर ठेवणे यांचाही समावेश आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जे फर्मान काढले, त्यात लग्नातील कित्येक रीतींबरोबरच स्थानिक पुरुषांच्या धोतरावर आणि स्त्रियांच्या चोळीवरही बंदी घातली होती. धोतर सोडले की माणूस अधिक ख्रिस्ती होतो, असे त्या अधिकाऱ्यांना वाटत होते. आज आपण त्या फर्मानाने शरमतो. परंतु दारावर फलक टांगून ‘अमुक कपडे घालाल तरच आत या’ असे म्हणणाऱ्याने आपण कोणाच्या पंक्तीला बसतो आहोत, हे पाहून घ्यावे. डी नोबिलींचा मार्ग आणि त्या फर्मानाचा मार्ग, दोन्ही आपल्यासमोर आहेत.

आता संत पौलाकडे वळू, कारण फलकवाल्यांचा सर्वांत भक्कम आधार तोच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने प्रार्थनेच्या वेळी डोके उघडे ठेवावे आणि स्त्रीने झाकावे, असे सांगितले आहे. पण तेथेच, सोळाव्या ओवीत, पौल स्वतः या गोष्टीला ‘रीत’ म्हणतो. करिंथ हे बंदराचे शहर होते; तेथील लोकव्यवहारात लज्जास्पद ठरेल असे वर्तन नव्या मंडळीने करू नये, एवढीच त्याची चिंता होती. १९१७ च्या धर्मनियमसंहितेत १२६२ व्या नियमाने हीच रीत कायद्यात घातली. तरीही पुरुषांच्या बाबतीत त्या कडक नियमाने एक अपवाद ठेवला होता: लोकांच्या मान्य चालीरीती किंवा विशेष परिस्थिती वेगळे सुचवत असतील तर तसे करावे. म्हणजे ज्या काळी नियम होता, त्या काळीही आपल्या आजोबांना फेटा डोक्यावर ठेवण्याची वाट मोकळी होती; ती त्यांना कोणी दाखविली नाही एवढेच. पुढे १५ ऑक्टोबर १९७६ रोजी श्रद्धा-सिद्धांतविषयक खात्याने एका घोषणापत्रात स्पष्ट म्हटले की स्त्रियांनी डोके झाकण्याचे बंधन हा त्या काळच्या चालीरीतीचा भाग होता आणि त्याला आता नियमाचे बळ राहिलेले नाही. २७ नोव्हेंबर १९८३ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हा नियमच नाही. जो नियम रोमने उतरवून ठेवला, तो आपण दारावर पुन्हा टांगावा, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ज्या माउलीला डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना करावीशी वाटते, तिने तो जरूर घ्यावा. तो तिच्या भक्तीचा भाग आहे आणि त्याला कोणी हसू नये. तिच्या नातीवर मात्र सक्ती नको. या याद्या मी लक्षपूर्वक वाचतो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते: मुलग्यांसाठी दोन ओळी आणि मुलींसाठी सहा. दारात उभा राहून मुलीच्या बाहीची लांबी डोळ्यांनी मोजणारा स्वयंसेवक पावित्र्याचे रक्षण करीत नाही. ज्या नजरेपासून त्या मुलीला रस्त्यावर जपून राहावे लागते, तीच नजर तो तिला देवाच्या दारात भेटवतो.

वेदीकडेही थोडे पाहू या. आपले बिशप मिस्साबलीच्या वेळी मुकुटासारखी उंच टोपी घालतात आणि तिच्याखाली एक लहान गोल टोपीही असते. प्रवचन करताना ते मुकुट घालतात, प्रार्थना करताना उतरवतात. लहान टोपी अर्पणविधीनंतर काढतात आणि ख्रिस्तशरीराच्या स्वीकारानंतर पुन्हा घालतात. एका तासाच्या उपासनेत टोपी इतक्या वेळा डोक्यावर चढते आणि उतरते, आणि प्रत्येक वेळी तिला अर्थ असतो. अर्थ समजावून सांगितला की टोपी केव्हा काढावी, हे तरुणाला आपोआप कळते. फलकाने त्याला एवढेच कळते की आपण येथे नकोसे आहोत.

दुसरा आधार लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्याचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात राजाने विवाहवस्त्र न घातलेल्या पाहुण्याला बाहेर घालवले, म्हणून आम्हीही घालवणार, असा हा युक्तिवाद आहे. पण ते वस्त्र कोणते, हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनी आपल्या एका प्रवचनात विचारला आहे. ते म्हणतात, चांगल्या आणि वाईट अशा दोघांनाही जे मिळू शकते, ते हे वस्त्र असू शकत नाही. बाप्तिस्मा दोघांनाही मिळतो, वेदीजवळ दोघेही येतात, उपवास दोघेही करतात. केवळ सज्जनांजवळच असते ते शुद्ध अंतःकरणातील प्रेम, तेच विवाहवस्त्र. थोर संत ग्रेगरी यांनीही हाच अर्थ सांगितला. आणि या दाखल्यात पाहुण्यांना कोठून बोलावले होते, तेही विसरू नये. राजाच्या नोकरांनी रस्त्यांवरून, नाक्यांवरून, दिसेल त्याला आत आणले होते. त्यांनी कोणालाही दारात अडवले नाही. वस्त्राचा प्रश्न राजाने स्वतः विचारला. नोकरांनी राजाचे काम आपल्याकडे घेऊ नये.

तिसरा युक्तिवाद मला नेहमी ऐकू येतो: “फादर, कलेक्टरला भेटायला जाताना आपण चांगले कपडे घालतो, मग देवाला भेटायला जाताना कसेही जायचे का?” यात तथ्याचा अंश आहे. रविवारी पहाटे उठून, ठेवणीतले एकुलते एक लुगडे नेसून, मुलांचे केस तेल लावून विंचरून तीन मैल चालत येणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या त्या तयारीत जी प्रार्थना असते, ती आमच्या कित्येक प्रवचनांत नसते. स्वच्छता, नीटनेटकेपणा, सणाच्या दिवशी नवे कपडे, हे सारे चांगले आहे. पण कलेक्टरसमोर आपण काम करून घेण्यासाठी, मनात थोडी भीती बाळगून जातो. परमेश्वराला आपण पिता म्हणतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात तो मुलगा डुकरांमागे हिंडून, चिंध्यांत घरी आला. बापाने दुरून पाहिले, धावत जाऊन मिठी मारली आणि मग उत्तम झगा आणावयास सांगितले. आधी मिठी, मग झगा, हा येशूने सांगितलेला क्रम आहे. फलक हा क्रम उलटा करतो.

आता मी ज्या गोष्टीकडे येतो, ती थोडी अवघड आहे. आपल्या वडीलधाऱ्यांचा कपड्यांविषयीचा आग्रह उगाच आलेला नाही. मराठवाड्यातील आपली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे गावकुसाबाहेरून आली. ज्यांना गावाने नीट नेसू दिले नाही, चांगली वस्त्रे अंगावर दिसली तर डोळे वटारले, अशा घरांतली ती माणसे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना आवर्जून सांगितले की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने टाकून द्या, इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा. नेसणे हा त्या वेळी मुक्तीचा प्रश्न होता. बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले, आणि त्यांचा पुतळा आपण आजही कोट-टायमध्येच पाहतो. त्या कोटाचा अर्थ येथील प्रत्येक दलित घराला कळतो. आपल्या आजोबांनाही रविवारचे पांढरेशुभ्र धोतर आणि इस्तरीचा सदरा घालून, गावाच्या मधल्या रस्त्याने चर्चला जाताना ताठ चालता आले. त्या कपड्यांनी त्यांना त्यांचे माणूसपण परत दिले. म्हणून आज नातू चुरगळलेल्या टी-शर्टमध्ये आणि उलट्या टोपीत येतो, तेव्हा आजोबांना आपली कमाई मातीत गेल्यासारखी वाटते. ही वेदना खरी आहे. तरुणांनी ती समजून घ्यावी; आजोबांनीही ती नातवांना सांगावी, नुसते रागावू नये.

परंतु त्याच इतिहासातून दुसरी गोष्ट निघते, आणि तीच मला मुख्यतः सांगायची आहे. ज्यांच्या नेसण्यावर गावाने पहारा ठेवला, त्यांच्या लेकरांनी तरी इतरांच्या नेसण्यावर पहारा देऊ नये. कपड्यांवरून माणसाची पायरी ठरवण्याचे दुःख काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

कारण फलकाने प्रत्यक्षात अडतो कोण? वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कारखान्यांत कंत्राटी काम करणारा तरुण रात्रपाळी संपवून थेट सकाळच्या मिस्साला येतो. त्याच्या टी-शर्टवर कंपनीचे नाव असते, डोक्यावर कंपनीचीच टोपी. घरी जाऊन कपडे बदलून यायचे तर मिस्सा चुकणार. खेड्यातून येणाऱ्याच्या डोक्यावर बियाणे किंवा खत विकणाऱ्या कंपनीने फुकट वाटलेली टोपी असते. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळीसच्या वर गेल्यावर, ती टोपी म्हणजे त्याचे छत्र आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम संपवून परत येतात. मुकादमाची उचल फेडून हाती काय उरते ते त्यांनाच ठाऊक. शेतात राबणारी बाई उन्हापासून वाचण्यासाठी लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते आणि डोक्याला फडके गुंडाळते. कॉलेजची मुलगी स्कूटीवरून येताना धुळीपासून बचाव म्हणून तोंडाला स्कार्फ बांधते. ही आपली माणसे आहेत. एका धर्मग्रामात असाच एक कामगार तरुण दारात थांबवला गेला. टोपी काढ म्हणताच त्याने ती मुकाट्याने काढली. मग टी-शर्टवरील अक्षरांवरून बोलणे झाले. तो काही न बोलता परत फिरला. पुढच्या रविवारी त्याची आई आणि धाकटा भाऊही आले नाहीत. अक्षरे टी-शर्टवर होती. रिकामी झाली ती तीन माणसांची जागा.

आणि फलकाने कोण अडत नाही, तेही पाहा. लग्नात पाहुण्यांना दिपवण्यासाठी भाड्याने आणलेला सूट अडत नाही. वऱ्हाडातील एखाद्याच्या गळ्यातील सोन्याची जाड साखळी अडत नाही. प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या दिवशी आठ वर्षांच्या मुलीला नवरीसारखा झालरींचा झगा, मोजे, हातमोजे आणि मुकुट घालण्यासाठी आईबापांनी काढलेले कर्ज अडत नाही. शेजारच्या मुलीचा झगा अधिक भारी दिसला म्हणून आपली मुलगी वेदीसमोर हिरमुसली, हे किती पालकांनी पाहिले असेल! याकोबाच्या पत्रातील दुसरा अध्याय आपण घरी सर्वांनी मिळून वाचावा. सोन्याची अंगठी आणि उंची वस्त्रे घालून आलेल्याला ‘या, बसा’ आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिथे उभा राहा’ असे म्हणणाऱ्या मंडळीला याकोब पक्षपाती न्यायाधीश म्हणतो. आपली शिस्त अंगभर दागिन्यांपुढे वाकते आणि दोनशे रुपयांच्या टी-शर्टपुढे ताठ होते, तेव्हा तिला आपण शिस्त म्हणू नये.

“मग काय वाटेल ते चालवायचे?” असे कोणी विचारील. नाही. देवाच्या घरी शरीरानेही आदर व्यक्त व्हावा, हे मला मान्य आहे. तो शिकवावा लागतो, आणि शिकवण्याची जागा दाराच्या आत आहे. त्यासाठी माझ्या काही सूचना आहेत. दारावरील स्वयंसेवकाने प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करावा आणि बसायला जागा दाखवावी. पोशाखाबद्दल त्याने चकार शब्द काढू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि युवक मंडळात उपासनेतील खुणा, जोडलेले हात, वाकणे, पादत्राणे, टोपी यांचा अर्थ वर्षातून एकदा तरी सविस्तर समजावून सांगावा, आणि ते काम आजोबा-आजींनी आपल्या आठवणींसह करावे. कोणाच्या वेशाने खरोखरच उपासनेत व्यत्यय येत असेल, तर त्या व्यक्तीच्या परिचयातील एखाद्याने नंतर, एकांतात, घरच्या माणसाप्रमाणे बोलावे. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक आणि क्रुसाच्या वाटेची भक्ती आपण भर उन्हात करतो. तेथे सर्वांनी खुशाल टोपी, फेटा, पदर, छत्री घ्यावी, लहान मुलांना तर घालावीच.

शेवटची सूचना पालकांसाठी आहे आणि ती पैशाची आहे. प्रत्येक धर्मग्रामाने प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकारासाठी साध्या सुती कापडाचे, मुलामुलींसाठी एकाच पद्धतीचे शुभ्र झगे एकदा शिवून घ्यावेत आणि ते धर्मग्रामाच्या कपाटात ठेवावेत. दर वर्षी तेच धुऊन वापरावेत. डॉक्टरांची मुलगी आणि ऊसतोड कामगाराची मुलगी वेदीसमोर एकाच वस्त्रात उभ्या राहतील, कारण बाप्तिस्म्याच्या दिवशी दोघींनाही एकच शुभ्र वस्त्र मिळाले होते. मापे वेगवेगळी असतील तर दोन-तीन आकार शिवता येतील. आपल्या मंडळींत शिंपीकाम जाणणाऱ्या भगिनी आहेत. कापडाचा खर्च फलक, त्याची चौकट आणि तो रंगवण्याची मजुरी यांहून फार होणार नाही. पुढच्या वर्गाची नावनोंदणी सुरू होण्यापूर्वी धर्मग्राम मंडळांनी आपल्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि ज्या घरांत शिवणयंत्र आहे त्यांनी आपली नावे धर्मगुरूंकडे द्यावीत, अशी माझी विनंती आहे.